रक्ताची साक्ष, नोंदवहीची साक्ष

आपले पूर्वज कोण, असा प्रश्न माणसाला पडावा यात गैर काही नाही. नायगावातून परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील तरुण आपल्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद मागतात. काही जण लाळेचा नमुना पाठवून डीएनए चाचणीही करवून घेतात. या शोधाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पुष्कळदा त्यामागे निराळाच प्रश्न दडलेला असतो : ‘ख्रिस्ती होण्यापूर्वी आम्ही कोणत्या जातीचे होतो?’ पूर्वजांच्या शोधातून आपल्याला आप्त हवे आहेत की प्रतिष्ठा, याचा विचार व्हावयास हवा.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. स्नानसंस्काराबरोबर डिसोजा, परेरा, लोपीस अशी आडनावे आपल्याकडे आली. आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्तही पोर्तुगीज, असे अनुमान त्यावरून काढता येत नाही. येथे डीएनए चाचणी काही प्रकाश टाकू शकते. गोवा, कुमठा व मंगळूर येथील कॅथलिकांचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांचे नाते गौड सारस्वतांच्या प्राचीन वंशाशी जवळचे आहे, असे त्यात आढळले. समूहाविषयी एवढे सांगता येते. एका घराचे काय? पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र एकच वंशरेषा दाखवते, मातेकडून येणारे मायटोकाँड्रियाचे डीएनए दुसरी. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा १०२४ होतात आणि त्यांतील कित्येकांचा अंशही आपल्या डीएनएत उरलेला नसतो. एवढ्या गोतावळ्यातून एक कुलीन पूर्वज निवडून मिरवणे हे विज्ञान नव्हे.

नोंदवही तरी कशासाठी निर्माण झाली? गुप्तपणे विवाह करून पुढे त्या पत्नीला टाकणारे आणि दुसरीशी उघड विवाह करणारे पुरुष त्या काळी होते. पहिलीजवळ पुरावा नसे. म्हणून ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली साक्षीदारांसह विवाहाची नोंद ठेवण्याचा आदेश धर्मगुरूंना दिला. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहावीत, असेही त्याच आदेशात सांगितले. दुर्बलाचे रक्षण आणि रक्तापलीकडील नात्याची जपणूक, हे नोंदवहीचे मूळ हेतू होत. आपल्याकडील ‘कुपारी’ हे नावही ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे स्नानसंस्काराने जुळलेल्या नात्यावरून आले, असे मानतात.

या वहीचा दुरुपयोगही झाला आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्यासमवेत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे मेक्सिकोचे संत फेलिपे यांनाही क्रुसावर मरण आले. त्या मेक्सिकोत आज अनेक कुटुंबे चर्चच्या नोंदींवरून वंशावळ जुळवतात. जुन्या काळी तेथील अनेक धर्मग्रामांत स्पॅनिश, मूळनिवासी व संमिश्र वंशाच्या बालकांसाठी वेगवेगळ्या वह्या असत. ही विभागणी १८२२ साली कायद्याने निषिद्ध ठरली. पाणी एकच, पण तान्ह्या बालकाची प्रतवारी रक्तावरून! आपणही जात शोधण्यासाठी नोंदवही उघडू लागलो, तर तीच विभागणी आपल्या मनात पुन्हा सुरू होईल.

याहून नाजूक प्रश्न आहे तो झाकलेल्या नात्यांचा. आई अविवाहित असल्यास तिचे मातृत्व उघड सिद्ध असेल अथवा तिने स्वतःहून तशी मागणी केली, तरच तिचे नाव नोंदवावे, असे धर्मसभेच्या कायद्याचे कलम ८७७ सांगते. चाचणी मात्र असे मौन जाणत नाही. एका चुलत भावाने नमुना दिला की ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांची गुपिते उघडी पडतात.

सत्य ते सत्यच, असे कोणी म्हणेल. संत मत्तयानेही येशूच्या वंशावळीत तामार, राहाब व उरियाची पत्नी यांना लपवले नाही. मात्र त्याने ते कोणाला लाजवण्यासाठी लिहिले नाही. देवाची दया कोठवर पोहोचते हे त्यातून दिसते. शिवाय त्या स्त्रिया केव्हाच निवर्तल्या होत्या. आपल्या गावातील वृद्ध माता अजून सकाळच्या मिस्साला येते. आपला जन्म कोणापोटी झाला हे जाणण्याची मुलाची ओढ आम्हास न्याय्य वाटते. त्याने जरूर विचारावे. पण तिला, एकांतात. तिच्या आधी ते साऱ्या नातलगांना सांगण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

चाचणी करू इच्छिणाऱ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, आणि सापडलेला आप्त उच्च निघो वा नीच मानलेला, त्याला आप्तच मानण्याची तयारी ठेवावी. तेवढी तयारी नसेल, तर नमुना पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे.