भाडे फिटते, शेजारधर्म फिटत नाही

वाचकहो, पोटापाण्यासाठी गाव सोडणे ही आज घरोघरची गोष्ट आहे. कोणी आखाती देशात जातो, तर कोणी सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत. या पट्ट्यालगत, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव आहे. अशा गावात खोली घेणाऱ्या परक्या कुटुंबाचा पहिला संबंध येतो तो घरमालकाशी. तो वयोवृद्ध असेल, मुले दूर असतील, तर दरमहा भाडे दिले की आपले कर्तव्य संपले काय?

दिव्य कुरआनात सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आईवडील, नातलग, अनाथ यांच्यासोबत जवळचा शेजारी, परका शेजारी आणि सोबत राहणारा यांच्याशीही सद्वर्तन करण्याचा आदेश आहे. त्यात धर्माची अट नाही. भाडे हा करार आहे. शेजाऱ्याचा हक्क अल्लाहने ठरविला आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा ‘यहूदी शेजाऱ्याकडे मांस पाठविले का?’ अशी त्यांनी आवर्जून चौकशी केली. मात्र, येथे विवेक हवा. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाबांना ईदच्या दिवशी मांस नव्हे, खजूर किंवा शीरखुर्मा द्यावा. माणसाची ओळख झाल्याशिवाय त्याचा आदरही नीट करता येत नाही.

इ. स. ६२२ मध्ये मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्या घरी खालच्या मजल्यावर राहिले. वर पाण्याचा घडा फुटला, तेव्हा खाली थेंब पडू नये म्हणून त्या दांपत्याने आपल्या पांघरुणाने पाणी टिपले. एका छताखाली राहणाऱ्याची काळजी ही अशी असते.

तुम्ही म्हणाल, “खोली देताना त्यांनीच आमच्याकडे संशयाने पाहिले.” तसे झालेही असेल आणि ते बोचतेही. परंतु समोरच्याच्या वागण्यावर आपले कर्तव्य अवलंबून नसते. तसेच भाडे कमी व्हावे म्हणून केलेली विचारपूस ही सेवा नव्हे, सौदा होय. औषध आणून देणे, अंगणात दोन घटका बसणे, खोली सोडल्यावरही खुशाली विचारणे, हे केवळ अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असावे.

अल्लाह आपणा सर्वांना शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.