ऋण आणि राहतें घर

राहतें घर विश्वस्तांच्या नांवें करून ठेवावें, म्हणजे पुढेंमागें धंदा बुडाला तरी बायकामुलांच्या डोक्यावरचें छप्पर जाणार नाहीं, असा सल्ला हल्लीं पुष्कळांस मिळतो. कुटुंबवत्सल मनुष्यास तो पटावा यांत नवल नाहीं. परंतु ज्याचा पैसा बुडणार त्या धनकोसही बायकामुलें आहेत, हें सल्लागार सांगत नाहीं. तेव्हां मुलांस निवारा देणें आणि घेतलेलें फेडणें या दोन कर्तव्यांत विरोध आला असतां नीतीचा कौल कोणाकडे?

कायद्यानें याचें उत्तर हेतूवर सोंपविलें आहे. १८८२ च्या विश्वस्तविषयक कायद्यास खासगी न्यास मान्य आहे. मात्र लबाडीच्या उद्देशानें केलेला न्यास तोच कायदा रद्दबातल ठरवितो. त्याच सालच्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्याचें ५३ वें कलम, धनकोंस बुडविण्याच्या वा रखडविण्याच्या हेतूनें केलेलें स्थावराचें हस्तांतरण रद्द करून घेण्याचा हक्क त्यांस देतें. इंग्लंडांत पहिल्या एलिझाबेथच्या अमदानींत, १५७१ सालीं, हें तत्त्व कायद्यांत आलें होतें. हेतु अंतःकरणांत असतो. न्यायाधीश तो खुणांवरून ताडतो. न्यासाची तारीख कोणती? विश्वस्त कोण? देणें त्यावेळीं किती होतें?

कोणी म्हणेल, निवारा तर कायदाही राखतो. खरें आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें ६० वें कलम शेतकरी, मजूर व घरगडी यांचें राहतें घर जप्तींतून वगळतें. परंतु ही सवलत जाहीर आहे. पैसा देणारा ती जाणून देतो. गुपचूप केलेल्या न्यासाची त्यास वार्ताही नसते. म्हणून घर न्यासांत ठेवण्यांत दोष नाहीं; त्या घराच्या भरंवशावर पैसा उचलून, मागणी येतांच ‘घर माझें नव्हे’ म्हणण्यांत आहे.

आपल्याकडे बापाचें ऋण फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य मानीत. २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ती कायद्यानें, त्यानंतरच्या ऋणांपुरती, केवळ या कर्तव्याच्या आधारें पुत्रास गांठण्याची वाट बंद केली, आणि तें योग्यच झालें. परंतु पुत्र सुटला म्हणून ऋण काढणारा सुटत नाहीं; उलट ओझें आतां एकट्या त्याच्यावर राहिलें. मुलांस छप्पर अवश्य द्यावें. मात्र त्यास दुसऱ्याच्या घराचे वासे लावलेले नसावेत.