बिस्किटाचा करार

ज्याला आपण बोलावलेलं नाही, असा कोणी आपल्याबरोबर चालू लागला, तर आपण त्याचं काही देणं लागतो का? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आगगाडीत शेजारी बसलेले गृहस्थ आपल्या डब्यातला एक ठेपला खातात आणि कल्याणपासून मनमाडपर्यंत आपले काका होतात. मनमाडला त्यांची ट्रंक आपण उतरवून द्यायची की नाही? देतो. का देतो, ते सांगता येत नाही. ठेपला आपला, ट्रंक त्यांची, आणि धरलेली पाठ पुन्हा आपलीच!

ह्या प्रश्नाचा सोक्षमोक्ष लावायला मला रतनगड चढावा लागला. बरोबर माझा एक बालमित्र होता. तो वकील आहे. वकिलाबरोबर डोंगर चढण्याचा एक फायदा म्हणजे दम लागला तरी तो बोलायचा थांबत नाही, त्यामुळे तो मागे राहिला की पुढे गेला हे मान न वळवता कळतं.

भंडारदऱ्याच्या जलाशयामागे रतनवाडी आहे. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळापाशी एक तांबूस कुत्रा आमच्यामागे लागला. मागे लागला म्हणजे दोन पावलांतच पुढे गेला. मी त्याला एक बिस्किट दिलं.

"ह्याला नाव ठेवू नकोस हं," मित्र म्हणाला. "नाव ठेवलं की नातं लागतं."

कुत्र्याला नाव न ठेवता मग तो वाटभर मलाच नावं ठेवत चालला.

सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजतो आणि कड्याच्या पायाशी पदर उरतो. ह्या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. शब्द मूळचा स्वीडनकडचा, अर्थ जिना. म्हणजे आपण चढतो तो जिनाच, फक्त घरमालकाने कठडा लावलेला नाही. अशा पदरावरून एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला नुसती हवा अशी वाट जाते, तेव्हा आपले सगळे सिद्धान्त पायाच्या अंगठ्यात गोळा होतात. कुत्रा मात्र अंगणातून चालावं तसा चालत होता. दर वळणावर थांबून मागे बघायचा. आम्ही दोघे दिसलो की पुढे. जंगलात वाट फुटली. एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे जातो, दुसरा गडावर. आमचा वाद अजून प्राथमिक सुनावणीत होता, तोवर कुत्र्याने निकाल देऊन टाकला आणि तो गडाच्या वाटेला लागला.

मग आल्या शिड्या. रतनगडाच्या ह्या अंगाला कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. चार पायांच्या प्राण्याला जगातल्या बहुतेक वाटा जमतात, शिडी जमत नाही. कुत्र्याने पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवले, वर बघितलं, पाय काढून घेतले आणि खाली बसला. आम्ही गणेश दरवाजातून वळून पाहिलं, तेव्हाही तो बसलेलाच होता.

गडावरून कळसूबाई दिसली, अलंग-मदन-कुलंग दिसले, नेढ्यातून सुटलेल्या वाऱ्याने टोपी जाता जाता राहिली. पण आमचा बेत असा होता की, पलीकडच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरायचं. तिथे जीप सांगून ठेवलेली. त्र्यंबक दरवाजाच्या कोरीव पायऱ्यांपाशी मी म्हटलं, "अरे, तो शिडीखाली बसलाय."

"त्याला आपण बोलावलं होतं का?"

"बिस्किट दिलं होतं."

"ती भेट. करार नव्हे. करार धर, तर १८७२च्या करार कायद्यात ७० नंबरचं कलम आहे. फुकट करायचा इरादा नसताना एखाद्याने तुझ्यासाठी काही केलं आणि तू त्याचा लाभ घेतलास, तर भरपाई द्यावी लागते."

"मग फाट्यावर वाट कोणी दाखवली?"

"कायदा 'व्यक्ती' म्हणतो. कुत्रा व्यक्ती नाही."

कायदा संपला की माणूस महाभारतात शिरतो. मी शिरलो. महाप्रास्थानिक पर्व हे सतरावं, तीनच अध्यायांचं. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात, युधिष्ठिर चालत राहतो आणि मागे उरतो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो नि म्हणतो, कुत्रं सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग कुत्र्याचं काय एवढं, असं इंद्र विचारतो, तेव्हा उत्तर असं की, ती मेल्यावर सोडली, जिवंतपणी नाही. आपल्या भरवशावर आलेल्याला टाकणं हे त्याच्या लेखी महापातकांच्या बरोबरीचं. भरवसा आपण मागितला होता का, हा मुद्दा तो धर्मराज काढतच नाही. तो वकील नव्हता!

"पण तो कुत्रा शेवटी यमधर्म निघाला," मित्र म्हणाला. "हा रतनवाडीचा आहे."

"युधिष्ठिराला ते आधी कुठे ठाऊक होतं?"

ह्यावर मित्र बराच वेळ गप्प बसला. वकील गप्प बसला की फी वाढते, असा माझा अनुभव. मग तो उठला, पाठपिशवी चढवली आणि एक अक्षर न बोलता शिड्यांच्या दिशेने चालू लागला.

शिडीखाली कुत्रा नव्हता.

खालून वर येणारी कॉलेजची पोरं भेटली. "तांबडा ना? आमच्या पुढच्या ग्रुपबरोबर उतरला. त्यांच्याकडे चिकन होतं." मला वाटलं, आता मित्र उलटतपासणी घेणार. तो म्हणाला, "शहाणा आहे. पण आपण आलो नसतो, तर तो गेलाय हे आपल्याला कळलं नसतं. साम्रदपर्यंत तो माझ्या डोक्यात शिडीखालीच बसून राहिला असता."

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बोलावलं कोणी, हा हिशेब सुरुवातीचा. एकदा कोणी आपल्या पावलांवर नजर ठेवून चालायला लागला, की हिशेबाची वही त्याच्याकडे जाते. तो तिच्यात काही लिहील, न लिहील. चिकनची सोय झाली तर वही टाकूनही जाईल. ती त्याची मर्जी. आपल्याला तेवढी मोकळीक नाही, कारण मागे वळून पाहावं लागेल हे कळण्याइतकी अक्कल दोघांपैकी आपल्यालाच दिलेली आहे. युधिष्ठिराची परीक्षा घ्यायला देव आले होते. आपल्या परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, आणि निकालही लागत नाही. नुसती झोप लागते.

साम्रदचा जीपवाला रात्री रतनवाडीला आला तो फणफणतच. भाड्याशिवाय त्याने तीन तास वाट पाहण्याचे पैसे वेगळे लावले. मित्राने घासाघीस न करता ते मोजले.

"वाट पाहण्याचेही पैसे होतात होय?" मी विचारलं.

"कलम सत्तर," तो म्हणाला.