उलटून देता येणारी शिवी

कारंजा लाडच्या बाजारात दोन जुने मित्र बऱ्याच दिवसांनी भेटले की पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं : "काबे लेका, कुठी मेला होता इतके दिवस?" समोरचाही मागे राहत नाही. "तुयाच घरी होतो ना बे, तुले दिसलो नाही काय?" पुण्याहून आलेला पाहुणा हे ऐकून दचकतो. त्याच्या कानाला 'अबे' म्हणजे उद्धटपणा. वऱ्हाडात मात्र ज्याला आपण 'अबे' म्हणतो, त्याच मित्राला एखाद्या दिवशी 'तुम्ही' म्हटलं तर त्याला रात्री झोप लागणार नाही. आपलं काय चुकलं याचा तो विचार करत राहील. बह्याड, बैताड, हुकलेला हे शब्द इथे आई लेकराला म्हणते, आजी नातवाला म्हणते, आणि त्यात माया असते. हेच शब्द साहेबानं चपराशाला सर्वांदेखत म्हटले तर ती शिवी होते. शब्द तोच असतो, तोंड आणि कान बदललेले असतात.

म्हणून शब्दकोश उघडून कुठली शिवी किती घाण आहे हे ठरवण्यात मला अर्थ वाटत नाही. माझी मोजपट्टी वेगळी आहे. ज्याला शिवी दिली, त्याला ती उलटून देता येते का? येत असेल, तर शब्द कितीही अश्लील असोत, तिथे बरोबरीचं काहीतरी चाललेलं आहे. येत नसेल, तर सभ्यातला सभ्य शब्दही मारहाणीइतका जड पडतो.

आपल्याकडे या बरोबरीची जागा लोकांनी पूर्वीच राखून ठेवली होती. विदर्भात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एकजण उठतो, चार ओळी जुळवतो, त्यात पाटलाची फजिती करतो, सावकाराचा हिशेब काढतो, पुढाऱ्याच्या पोटावर बोट ठेवतो, आणि शेवटी महादेवाच्या नावानं सगळी गर्दी गरजते. लगेच दुसऱ्या बाजूनं दुसरा उठतो आणि पहिल्याची उतरवतो. ज्याच्या नावानं झडती झाली तो तिथंच उभा असतो, हसतो, फार झालं तर पुढच्या झडतीची तयारी करतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगितली जाते. त्यांच्या सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर चालू राजकारणातल्या माणसांची नावं लिहून ते पुतळे गावाबाहेर जाळतात. मग भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या पोरी सासरच्या प्रत्येकाचा उद्धार गाण्यातून करतात. घरात जिला सासूपुढे तोंड उघडता येत नव्हतं, तिला गाण्यात सासूचं सगळं माप काढता येत होतं, आणि सासूला ते ऐकून घ्यावं लागत होतं. हे वर्षातले मोजके दिवस होते. ते संपले की तोंड आवरायचं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातला बोरीचा बार. सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका वाजतगाजत आपापल्या काठावर येतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या देतात. एरवी पुरुषांच्या तोंडी असलेल्या, बाईच्या अंगावर फेकलेल्या शिव्या त्या दिवशी बायकांच्या तोंडी असतात. कुणी पदर खोचून ओढ्यात उतरते, पलीकडचीला आपल्या काठावर ओढायला बघते. हे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या ओढ्याचं महत्त्व वाटतं. दोन्ही काठ सारखे आहेत, दोन्हीकडे बायकाच आहेत, दोन्हीकडचा आवाज सारखाच चढतो. बार संपला की पलीकडची बाई पुन्हा कुणाची तरी मावशी असते, कुणाची नणंद असते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी काळ्या मुलांच्या टोळक्यांत बसून असाच एक खेळ नोंदवला. मुलं एकमेकांच्या आईवरून आळीपाळीनं शिव्या देतात. ज्याची शिवी जास्त कल्पक, त्याला बघे दाद देतात. 1972 साली छापलेल्या लेखात लबोव्ह यांनी या खेळाचे नियम मांडले. त्यातला एक नियम मला फार खोल वाटला. शिवी उघडउघड खोटी असली पाहिजे. तुझी आई इतकी जाडी की दारातून मावत नाही, हे चालेल, कारण ते खरं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याच्या घरी खरोखर दारू आहे, खरोखर उपासमार आहे, त्याला त्यावरून बोललं की खेळ तिथेच मोडतो आणि हाणामारी सुरू होते. हार्लेमच्या मुलांना हे कळत होतं. आपल्या पारावरच्या, कट्ट्यावरच्या पोरांनाही ते कळतं.

कुठला समाज कशाची शिवी करतो, यावरून त्याला कशाची भीती वाटत होती हे उमगतं. डच लोक आजही कॉलरा, टायफस, कॅन्सर यांच्या नावानं शिव्या देतात. आपल्याकडे 'तुला पटकी येवो' म्हणणारी पिढी अजून पूर्ण संपलेली नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये चर्चमधल्या पूजेच्या वस्तूंची नावं शिव्या झाली, कारण तिथे फार काळ चर्चचाच दरारा होता. आइसलँडच्या जुन्या कायद्यात पुरुषाच्या पुरुषपणावर शंका घेणारे तीन शब्द इतके जबर मानले होते की ते ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा जीव घेण्याची मुभा होती.

आता दुसरी परंपरा, उलटून देता न येणाऱ्या शिवीची. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख 1187 सालचा आहे. त्यातली दानाची सगळी भाषा संस्कृत आहे. शेवटी, हे दान जो मोडेल त्याला शाप द्यायची वेळ आली, तेव्हा लेख मराठीत उतरतो आणि मोडणाऱ्याच्या आईला गाढवाशी जोडणारी शिवी कोरतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या गद्धेगळ दगडांवर हीच शिवी चित्ररूपात आहे, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावी म्हणून. दगडावर कोरलेल्या आपल्या अगदी जुन्या मराठी वाक्यांत हे वाक्य येतं. दान मोडणारा पुरुष, शाप देणारा राजा पुरुष, आणि मधे उभी केलेली बाई. तिचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. तिला उत्तर द्यायला जागाही नव्हती. इथे ओढ्याला एकच काठ आहे.

जातीवरून दिलेली शिवी याच कुळातली. गावगाड्यात पाटलानं महाराला, मांगाला काय हाक मारावी याला दिवस ठरलेला नव्हता. ती रोजची होती आणि तिच्यावर झडती रचायची सोय नव्हती. लबोव्ह यांचा नियम इथे उलटा चालतो. समोरच्याला त्याच्या खऱ्या जन्मावरून हिणवायचं, जे त्याला बदलता येत नाही, आणि उलट बोलला तर त्याची वाट बंद करायची. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांसमक्ष अपमान करणं गुन्हा ठरवलं; पुढे 2015 च्या दुरुस्तीत जातीवाचक शिवीगाळीचं कलम वेगळं लिहिलं गेलं. कायदा आला तो उलटून देण्याची ताकद नसलेल्यांसाठी. साहित्यात ती ताकद नामदेव ढसाळांनी मिळवली. 1972 च्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहात, ज्या वस्तीला सभ्य मराठी शिवी देत होती, त्या वस्तीची भाषा ढसाळांनी सभ्य मराठीच्या दारात आणून ठेवली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ विचारावे लागले. मराठी वाचकानं त्या शिव्यांनी दचकावं, यात मला न्याय वाटतो.

आता मोबाईलमधल्या शिवीकडे येतो, कारण कारंज्यात पारावर जितकी शिवीगाळ होते त्याहून जास्त आता पडद्यावर होते. गेम खेळणारा आठवीतला पोरगा हेडफोन लावून कानपूरच्या किंवा कोल्हापूरच्या अनोळखी पोराकडून आईच्या शिव्या ऐकतो आणि देतो. इथपर्यंत तो हार्लेमचाच खेळ आहे, फक्त बघ्यांची दाद नाही आणि समोरच्याच्या घरी काय आहे हे माहीत नाही. हिंदीतल्या आई-बहिणीच्या शिव्यांची दोन-दोन अक्षरं झाली, आणि ती अक्षरं मुलीही सहज बोलतात. शिवी तोंडाला हलकी झाली, पण तिच्यात उभी केलेली बाई तशीच राहिली.

'छपरी' हा शब्द मला जास्त टोचतो. केस रंगवलेला, गळ्यात साखळी, मित्राची मोटारसायकल घेऊन रील काढणारा तालुक्याच्या गावचा पोरगा. त्याच्या व्हिडिओखाली शहरातले शेकडो लोक हा एक शब्द लिहून जातात. तो शब्द अश्लील नाही. कुठल्याही गाळणीत अडकणार नाही. पण त्याचा नेम पोराच्या घरावर, कपड्यांवर आणि खिशावर आहे, म्हणजे खऱ्या गोष्टीवर. शेकडो जणांना तो एकटा काय उलटून देणार? अंधभक्त, चमचा, फुरोगामी हे राजकीय शब्द मला तितके जीवघेणे वाटत नाहीत, कारण ते दोन्ही बाजूंनी फेकले जातात. पण एकट्या बाईनं राजकारणावर काही लिहिलं की तिच्यावर जे येतं त्यात पक्ष नसतो. तिचं शरीर, तिची आई, तिची मुलगी असते, आणि पाठवणाऱ्याला चेहरा नसतो.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं 2022 साली मराठी ट्विट्सचा मोठा संग्रह केला आणि प्रत्येक ट्विट द्वेषाचं, अपमानाचं, अश्लील की यांपैकी काहीच नाही, अशी चार भागांत वाटणी केली, यंत्राला शिकवण्यासाठी. काम मोलाचं आहे. मराठीसाठी ते आधीच व्हायला हवं होतं. तरी यंत्रापुढे एकटं वाक्य येतं. कोण कुणाला म्हणतंय, दोघांत कुणाचा हात वर आहे, समोरच्याला बोलायची सोय आहे का, हे त्या वाक्यात नसतं. दोन मित्रांचं 'काबे लेका' त्यात अडकू शकतं आणि 'छपरी' सुटू शकतं. न्यायालयांनी ही जाण जास्त दाखवली आहे. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या एका प्रकरणात, इंटरनेटवर टाकलेला अपमान हा लोकांसमक्षच केलेला अपमान आहे, असं म्हटलं. पीडित माणूस तिथे समोर हजर नव्हता, ही सबब चालली नाही.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी देईल त्याला पाचशे रुपये दंड. काहींनी त्याला भाबडेपणा म्हटलं. मला तो भाबडा वाटत नाही. त्या ठरावानं सगळ्या शिव्यांवर बंदी घातली नाही; भांडणात नसलेल्या बाईला भांडणात ओढण्यावर बोट ठेवलं. आठशे वर्षांपूर्वी परळच्या दगडावर कोरलेल्या वाक्याला एका ग्रामसभेनं दिलेलं हे उत्तर आहे, असं मी मानतो.

कारंज्यात असा ठराव व्हायचा असेल तर तो पारासाठी पुरणार नाही, व्हॉट्सॲपच्या गटांसाठीही करावा लागेल. गल्लीचा गट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट, कापसाच्या भावाचा गट, निवडणुकीत जन्मलेले आणि नंतर शिवीगाळीवर जगणारे गट. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलं की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही; सदस्याला घेणं आणि काढणं एवढंच मुळात त्याच्या हातात असतं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण घेणं आणि काढणं ही ताकद थोडी नाही. गटात दोघांनी एकमेकांची खुशाल उतरवावी, झडत्यांसारखी. जो गटात नाही, त्याच्या आईला, बहिणीला, जातीला तिथे आणलं की आणणाऱ्याला त्याच दिवशी गटाबाहेर काढावं, मग तो नगरसेवक असो की ॲडमिनचा सख्खा भाऊ.