सुपाचा भाव

बाजारांत घासाघीस करणें पाप आहे काय? खामगांव किंवा मलकापूरच्या बाजारांत सूप घेतांना आपण प्रथम त्यास नांवें ठेवितों: काठ सैल, कांब्या जाड. तेंच सूप घरीं आणून शेजाऱ्यांस सांगतों, “मोठें बळकट आहे, आणि फुकटांत पडलें!” नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायांत असाच गिऱ्हाईक वर्णिला आहे.

भाव विचारणें हा व्यवहार आहे. त्यांत दोष नाहीं. परंतु बुरुडानें बांबू विकत आणिला, चिरला, कांब्या तासतांना बोटें कापून घेतलीं, हें ठाऊक असून चांगल्या वस्तूस वाईट म्हणणें ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्षच होय. प्लास्टिकच्या टोपलीवर किंमत छापलेली असली, कीं ती आपण मुकाट्यानें देतों. भाव पाडावयाचा तो हातानें विणणाऱ्याचा! कोणी म्हणेल, तोही किंमत वाढवूनच सांगतो. सांगत असेल, तें आपणच त्यास शिकविलें.

दिमिष्काच्या कोटावरून पौलास ज्या पाटींतून खालीं सोडिलें, ती कोणी विणिली, व तिचें त्यास काय मिळालें, हें शास्त्रांत नाहीं. त्या रात्रीं प्रेषिताचा सर्व भार तिच्या विणीवर होता.