पिसांचा विंझणा आणि त्याचा रंग

मोराचे पीस उन्हात फिरविले असता त्यावरील डोळा घटकेत निळा, घटकेत हिरवा व घटकेत सोनेरी दिसतो, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. परंतु तेच पीस खलात घालून कुटले तर निळी पूड मिळेल काय? नाही, मिळेल ती केवळ काळपट धूळ. मग तो रंग होता कोठे?

रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने इ. स. १६६५ साली आपल्या ग्रंथात लिहून ठेविले की, मोराचे पीस पाण्याने भिजविताच त्याचे रंग नाहीसे होतात. ह्याचे कारण असे की, ते रंग कोणत्याही निळ्या-हिरव्या द्रव्याचे नव्हेत. पिसात मेलॅनिन नामक काळ्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म काड्या ओळीने रचिलेल्या असतात. एका मिलिमीटरचे सहा-सात हजार भाग करावे, त्यांतील एका भागाएवढेच त्यांच्यामधील अंतर असते. ह्या रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशातील एखादा रंग बळावतो, बाकीचे क्षीण होतात. आणि पीस कलले की रंगही पालटतो.

आता एका जुन्या वस्तूचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझील देशातील रिओ द जानेरो शहरी पांढऱ्या पिसांचे विंझणे बनत. त्यांच्या मध्यभागी आपल्याकडील शिंजिराप्रमाणे चिमुकला असा हमिंगबर्ड पक्षी, मारून व आत कापूस भरून, बसविलेला असे. त्याच्याही पिसांचा झळाळ रचनेचाच असल्यामुळे, संग्रहालयांत ठेविलेले असे विंझणे आजही चकाकतात.

येथे प्रश्न उद्भवतो. मारणारा गेला, विकत घेणारीही गेली. वस्तू सुंदर आहे. तर मग काळाने तो दोष धुऊन टाकिला, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. काळाने माणसे नेली, कृत्य नेले नाही. तथापि तो विंझणा जाळून पक्षी परत येणार नाही. म्हणून तो जपून ठेवावा, पण त्याची हकीकत त्याच्यापासून वेगळी करू नये; आणि तशा दुसऱ्या वस्तूची हाव धरू नये.

हा विवेक त्या काळीही अशक्य नव्हता. इ. स. १८८९ साली इंग्लंडात मँचेस्टरनजीक एमिली विल्यमसन ह्या बाईंनी पक्षिरक्षणार्थ एक मंडळी स्थापिली. ज्या स्त्रीवर्गाच्या शृंगारासाठी पक्षी मारले जात, त्यांतीलच स्त्रियांनी अशी पिसे न वापरण्याचा नेम केला. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पिसांच्या निर्यातीस बंदी केली, व ब्रिटनने १९२१ साली आयातीविरुद्ध कायदा केला. कायदा मागून आला. नेम आधी झाला.

वाचकहो, जिवंत पक्ष्याने मान वळविली की त्याचा कंठ आपोआप झळके. विंझण्यावरील पक्षी झळकावा म्हणून मात्र बाईस हात हलवावा लागे. जे पाहणाऱ्या सर्वांस फुकट मिळत होते, ते एकीच्या मुठीत यावे म्हणून त्याचा प्राण घेतला गेला. सौंदर्य आवडणे हा दोष नव्हे. ते आपल्या एकट्याचेच असावे, ह्या इच्छेवर मात्र पहारा ठेवावा.