इंद्रियांची साक्ष

कादंबरी वाचता वाचता, जो वास आपल्या खोलीत मुळीच नाही तो नाकाशी कसा दरवळतो, हा प्रश्न वरकरणी साहित्यशास्त्राचा वाटला तरी त्याचे मूळ अध्यात्मात आहे असे मला वाटते. कारण इंद्रियांना विषयांपासून आवरा असे ज्या परंपरेने शतकानुशतके बजावले, त्याच परंपरेतील ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी, आपल्या बोलांच्या गोडीपायी श्रोत्यांची इंद्रिये आपसांत भांडतील असे सांगून, जे अतींद्रिय तेही इंद्रियांकरवीच भोगवीन अशी प्रतिज्ञा केली आहे.

जयवंत दळवींची १९६३ सालची ‘चक्र’ घ्यावी. मुंबईच्या झोपडपट्टीतील अम्मा, तिचा मुलगा बेनवा आणि लुक्का यांची ही हकिकत गिरगावच्या चाळीत बसून वाचणारा सद्गृहस्थ प्रत्यक्ष तशा वस्तीवरून जाताना नाकाला रुमाल लावून पाय उचलतो. पुस्तकात मात्र त्याच दुर्गंधीत तो रात्र रात्र बसून राहतो. याचे कारण काय? रस्त्यावरचा वास ‘माझ्या’ नाकावर चालून येतो आणि त्यापासून स्वतःचा बचाव करण्याच्या धांदलीत तेथे राहणारी बाई मला दिसतच नाही. अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतला’तील जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरिणाचा दाखला देऊन म्हटले आहे की, काव्यातील भय ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ अशा कोणाच्याच मालकीचे उरत नाही, आणि म्हणूनच त्याचा निर्विघ्न आस्वाद घेता येतो. वासावरचा ‘माझेपणा’ असाच गळून पडला की अम्मा दिसू लागते.

अर्थात हे सर्वांच्या बाबतीत सारखे घडत नाही. उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या बाजारात डंकावर मिरची कुटली जात असताना बायका पदर नाकाशी धरून, ठसकत, डोळे पुसत उभ्या असतात. पण दुसऱ्या कोणाचा मसाला आपल्यात मिसळू नये म्हणून आपल्या मिरचीवरची नजर ढळू देत नाहीत. ज्याने तो ठसका एकदा सोसला, त्याचा घसा लेखकाने ‘डंक’ एवढे लिहिताच खवखवतो. प्राचीनांनी ज्यांना वासना किंवा संस्कार म्हटले ते हेच. म्हणून घाणीच्या लांबलचक याद्या देणाऱ्या लेखकांविषयी माझी तक्रार आहे. तशी यादी पंचनाम्यात शोभते, कारण तेथे वस्तूंची नोंद असते, त्या वापरणाऱ्या माणसाची नसते.

भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ साली आली तेव्हा तिच्यावर अश्लीलतेचा आरोप करणाऱ्यांत आचार्य अत्रे अग्रभागी होते. नाक्यावरच्या पोरांची बोली कानाला बोचते हे खरेच. पण त्यांच्यातल्या पोक्याचे ते बोलणे कानाने ऐकणाऱ्याला त्या फुशारकीच्या तळाशी असलेला रितेपणाही ऐकू येतो. वाचकाची स्वतःची लालसा जेथे चाळवते आणि तो पुन्हा ‘मी’वर येतो, तेथे रसविघ्न झाले असे मी मानतो. या कसोटीवर ‘वासूनाका’ची काही पाने मला डळमळती वाटतात, ‘चक्र’ची फारशी नाहीत.